रायफलचा स्टॉक: बदलावा की नीट बसवून घ्यावा?

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आणि भीमाशंकरच्या डोंगरात, पावसाळाभर घरातले मीठसुद्धा कोरडे राहत नाही. त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुन्नरचेही तसेच आहे. नाणेघाट-माळशेजकडची गावे धुक्यात आणि आळे-बेल्ह्याकडची गावे वाऱ्या-उन्हात. लाकडी स्टॉक असलेल्या रायफलला हा फरक चांगलाच कळतो. लाकूड ओल पिते, फुगते, मग वाळते आणि आकसते. त्याच्या पोटात पक्क्या बसलेल्या लोखंडावरचा दाब दरवेळी थोडा बदलतो. मे महिन्यात नेम जुळवून ठेवलेली रायफल दिवाळीनंतर रेंजवर काढली की गोळ्या दोन बोटे वर किंवा डावीकडे जाऊ लागतात. मालक म्हणतो, नळी गेली. बऱ्याचदा नळी ठणठणीत असते, बिघडलेली असते ती तिची लाकडातली बैठक.

अशा वेळी मनात येतो तो नवा चॅसिस. काळ्या ॲल्युमिनियमचा सांगाडा, मागेपुढे सरकणारा दस्ता, वरखाली होणारा गालाचा टेकू. परदेशी मासिकांत आणि व्हिडिओंत बोल्ट-ॲक्शन रायफलवरचा सगळ्यात मोठा इलाज म्हणून तोच दाखवतात. काही रायफलींसाठी ते खरेही आहे. पण जुन्नर-आंबेगावातल्या घरांत असलेल्या आणि इथली मुले पुण्याच्या रेंजवर चालवतात त्या रायफलींचा विचार केला, तर पैसे खर्च करण्याचा क्रम वेगळा लागतो. आधी तपासणी, मग बैठक, मग अंगाला माप, आणि एवढे करूनही अडले तर चॅसिस. हा क्रम उलटा धरला की चाळीस-पन्नास हजार रुपये जातात आणि गोळ्या जिथे जायच्या तिथेच जातात.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात आणि उसाच्या फडांतला बिबट्या हा इथल्या माणसांच्या रोजच्या भीतीचा विषय आहे. बंदुकीचे बोलणे निघाले की ते तिकडे वळतेच. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या जनावराबद्दलचा निर्णय कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या हातात असतो. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला लागोपाठ माणसे गेली, तेव्हाही, नोव्हेंबर २०२५ मध्ये, परवानगी घेऊन आणि नेमबाज बोलावून वनविभागानेच कारवाई केली. बिबट्या दिसला तर वनविभागाला कळवावे. पकडलेली आणि जखमी जनावरे जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेली जातात. हा लेख कागदावरच्या काळ्या वर्तुळावर नेम धरणाऱ्यांसाठी आहे, आणि परवान्याची रायफल घरात नीट, सुरक्षित आणि खात्रीची असावी असे वाटणाऱ्यांसाठी.

स्टॉक म्हणजे रायफलची नळी आणि बोल्टचा भाग, म्हणजे ॲक्शन, ज्यात बसतो ते सगळे अंग, पुढच्या हाताच्या पकडीपासून खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यापर्यंत. पूर्वी ते अक्रोडाच्या किंवा तसल्याच दाट लाकडाचे असे. चॅसिस हे त्याचेच धातूचे रूप आहे. मधला कणा ॲल्युमिनियमचा, त्यात ॲक्शन दोन स्क्रूंनी आवळलेली, आणि दस्ता, पकड, पुढचा भाग त्या कण्याला जोडलेले. त्याचा खरा फायदा एका वाक्यात सांगता येतो. धातूवर धातू बसतो, आणि ती बैठक पावसाने बदलत नाही. बाकीचे फायदे, म्हणजे दस्त्याची लांबी, गालाची उंची आणि पकडीचा कोन बदलता येणे, चांगल्या लाकडी स्टॉकमध्येही मिळवता येतात.

आता इथल्या घरांत असते कोणती रायफल, ते पाहू. खेळ सोडून परवान्यावर बाळगलेली बोल्ट-ॲक्शन रायफल म्हटली की बहुतेकदा नाव येते ते .३१५ चे. पश्चिम बंगालमधल्या इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीने केलेली ही स्पोर्टिंग रायफल ली-एन्फिल्डच्या घडणीची आहे. इंग्रजांच्या काळात लष्कराचे .३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हाती जाऊ नये म्हणून वेगळ्या मापाच्या काडतुसाची रायफल नागरिकांना दिली गेली, आणि ते माप आजवर टिकले. इच्छापूरचा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून, आयुध कारखान्यांचे सात कंपन्यांत विभाजन झाल्यावर, ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेडकडे आहे. काडतुसांची बाजू म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. तिचे मुख्यालय पुण्यात आहे आणि १८६९ साली सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना तिच्याच छत्राखाली येतो.

ली-एन्फिल्डची घडण समजून घेतली की चॅसिसचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. बाजारातले स्वस्त चॅसिस एकसंध स्टॉकच्या रायफलींसाठी केलेले असतात: रेमिंग्टन ७००, टिक्का टी३एक्स, सॅव्हेज, सीझेड ४५७. या रायफलींत एकच लाकूड पुढून मागपर्यंत जाते आणि ॲक्शन त्यात वरून बसते. ली-एन्फिल्डचा स्टॉक दोन तुकड्यांचा. पुढचे लाकूड वेगळे, दस्ता वेगळा. दस्ता ॲक्शनच्या मागच्या लोखंडी कड्यात शिरतो आणि त्याच्या पोटातून जाणाऱ्या लांब बोल्टने आवळला जातो. रेमिंग्टन ७०० साठी केलेला चॅसिस अशा रायफलला बसूच शकत नाही, कितीही घासून-कापून घेतला तरी. "थोडे काम केले की बसेल" असे कोणी सांगितले तर तिथून उठावे. ते थोडे काम म्हणजे ॲक्शनच्या लोखंडाला हात लावणे, आणि तसे करणे धोक्याचेही आहे आणि कायद्याच्या अंगावर जाणारेही.

.३१५ वाल्यांसाठी म्हणून बदल करायचा तो लाकडातच. त्यात सोय चांगली आहे. जुन्या ली-एन्फिल्डचे दस्तेच वेगवेगळ्या लांबीचे येत. साध्या मापापेक्षा अर्धा इंच आखूड, एक इंच आखूड आणि अर्धा इंच लांब, आणि लाकडावर तसे अक्षरही ठोकलेले असे. इंग्रज शिपायाच्या खांद्याला धरून केलेला लांब दस्ता एखाद्या ठेंगण्या माणसाला जड जातो. मान पुढे ताणावी लागते, डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो, आणि मालक समजतो की आपल्यालाच नेम जमत नाही. तिथे आखूड दस्ता किंवा जाणकार कारागिराने मागून कमी केलेले लाकूड यात सगळा प्रश्न मिटतो. लांब दस्ता हवा असेल तर रबरी पॅड आणि मधल्या पट्ट्या लावता येतात.

याच रायफलबद्दल एक इशारा, जो गावागावात सांगितला जायला हवा. दस्ता हलतो म्हणून मागची पट्टी उघडून लांब स्क्रूड्रायव्हरने आतला बोल्ट पिळायचा मोह होतो. जुन्या ली-एन्फिल्डमध्ये त्या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी असते आणि ते पुढच्या लाकडात अडकवलेले असते. पुढचे लाकूड आधी न काढता बोल्ट फिरवला की ते लाकूड चिरते. दोनशे रुपयांचे काम काही हजारांवर जाते आणि जुने, पिकलेले लाकूड परत मिळत नाही.

तपासणी घरी करता येते ती एवढीच. बोल्ट काढून ठेवावा, मॅगझिन बाजूला, चेंबरमध्ये बोट घालून रिकामे असल्याची खात्री करावी. मग नळी आणि पुढचे लाकूड यांच्या मधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. एकसंध स्टॉकच्या बहुतेक आधुनिक रायफलींत ती ॲक्शनपर्यंत मोकळी जायला हवी. कुठे अडली तर तिथे लाकूड नळीला टेकले आहे, आणि नळी तापली की तो दाब बदलणार. ली-एन्फिल्डच्या घडणीत मात्र पुढच्या लाकडाचा नळीवर दाब असणे हा रचनेचाच भाग असू शकतो. म्हणून तिथे कागद अडला म्हणजे दोष आहे असे धरून कानस चालवू नये. त्यानंतर लाकडाकडे बारकाईने पाहावे. ॲक्शनच्या मागे, जिथे धक्का बसतो तिथे केसासारखी चीर आहे का? तेल मुरून लाकूड काळे आणि मऊ पडले आहे का? स्क्रूच्या डोक्यांच्या खाचा झिजल्या असतील तर आधी कोणीतरी तिथे हात चालवलेला आहे, हे समजावे.

निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. ती परत घेताना स्टॉक पाहून घ्यावा. दोन-तीन महिने दमट खोलीत भिंतीला टेकून उभी राहिलेली लाकडी रायफल आधीसारखी राहील याची खात्री नसते. जमा करतानाच फोटो काढून ठेवणे बरे.

दुसरा वाचक खेळातला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले, अंतिम फेरीत ४५१.४ गुण घेऊन, आणि ग्रामीण घरांत हा खेळ पोचला. स्वप्नीलची सुरुवात राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून झाली होती. त्याच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले होते. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथल्या मुलांना जवळची मोठी रेंज म्हणजे म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल. नेमबाज गगन नारंगची गन फॉर ग्लोरी अकादमीही पुण्यात २०११ पासून आहे. मुले बहुधा १० मीटर एअर रायफलने सुरुवात करतात, आणि तिथून .२२ च्या बोल्ट-ॲक्शन रायफलकडे वळतात. स्टॉकचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो तो इथे.

थ्री पोझिशन म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून, प्रत्येकी २० गोळ्या. लक्ष्याचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, अंतर ५० मीटर. तिन्ही स्थितींत शरीराची ठेवण पूर्ण वेगळी, म्हणून दस्त्याची लांबी, गालाची उंची, मागच्या पट्टीची उंची आणि तिरकेपणा हे सगळे बदलता यावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमाने ५० मीटर रायफल ८ किलोपर्यंत आणि १० मीटर एअर रायफल ५.५ किलोपर्यंत चालते. स्टॉक बदलताना ही मर्यादा डोक्यात ठेवावीच लागते, कारण ॲल्युमिनियमचा चॅसिस आणि वजनाच्या पट्ट्या मिळून रायफल कधी मर्यादेच्या पलीकडे गेली ते स्पर्धेच्या तपासणीत, काट्यावर ठेवल्यावरच कळते.

या खेळासाठी अन्शुट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ यांच्या रायफली ॲल्युमिनियमच्या स्टॉकसह येतात. ज्यांच्याकडे जुनी अन्शुट्झ लाकडी स्टॉकमध्ये आहे, त्यांच्यासाठी एमईसीसारख्या कंपन्यांचे वेगळे ॲल्युमिनियम स्टॉक मिळतात. ते चांगले आहेत यात वाद नाही, पण हजार युरोच्या पुढे जातात आणि त्यावर आयातीचा खर्च. स्वस्तात चॅसिस म्हणून जे खपतात, मॅगपुल हंटर, केआरजी ब्राव्हो, एमडीटी ओरिक्स, ते परदेशात साधारण अडीचशे ते साडेचारशे डॉलरच्या घरातले आणि मुख्यतः दुर्बीण लावून दोन पायांच्या टेकूवर मारणाऱ्या नेमबाजांसाठी घडवलेले. थ्री पोझिशनच्या मुलाला त्यांचा फारसा उपयोग नाही. उभ्याने मारताना खांद्याला अडकणारी हुकची पट्टी, हाताच्या तळव्याचा टेकू, पुढचा हँडस्टॉप यांसाठी त्यांत जागाच नसते. पालकांना किंमत पाहून ते पटतात, आणि मग प्रशिक्षक सहा महिन्यांनी दुसरा स्टॉक मागतो.

म्हणून मुलाला किंवा मुलीला सुरुवातीच्या दोन वर्षांत जुना लाकडी, पण फिरत्या पट्टीचा आणि हलत्या गालाचा स्टॉक असलेली रायफल अधिक फायद्याची. वाचलेले पैसे काडतुसांत आणि रेंजच्या फीमध्ये जावेत. अंग वाढते आहे, खांदे रुंदावत आहेत, माप दर हंगामात बदलणार आहे. या वयात महागडा स्टॉक म्हणजे वाढत्या पायाला शिवलेला जोडा.

अंगाचे माप घेण्याची रीत सोपी आहे. रिकामी, बोल्ट उघडी रायफल, नळी सुरक्षित दिशेला. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवावे. पहिल्या बोटाचे पेर चापावर सहज यावे. मोठ्या माणसाला हे अंतर सहसा १३ ते साडेतेरा इंचांच्या आसपास निघते, वाढत्या मुलांना कमी. मग डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल आपोआप जिथे बसेल तिथे बसू द्यावा आणि डोळे उघडावेत. साइटच्या मधोमध दिसले तर गालाचा टेकू बरोबर आहे. मान उचलावी किंवा दाबावी लागली तर तेवढ्या मिलिमीटरची नोंद करावी. ही दोन मापे आणि रायफलचे नाव-मॉडेल घेऊन दुकानात जाणारा माणूस आणि नुसता फोटो दाखवणारा माणूस, यांच्या खरेदीत फार फरक पडतो.

बैठकीचे काम, म्हणजे बेडिंग, हेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गुण देणारे आहे. ॲक्शन लाकडात जिथे टेकते तिथे धातूमिश्रित इपॉक्सी भरून तिची हुबेहूब छाप घेतात. स्क्रूच्या भोवती ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवतात, म्हणजे स्क्रू आवळला तरी लाकूड चेपत नाही. लाकूड पावसात फुगले तरी धातूला टेकणारी जागा बदलत नाही. चॅसिसचा जो मुख्य फायदा, तो यात थोड्या पैशांत मिळतो. भीमाशंकरच्या बाजूच्या, दमट हवेतल्या लाकडी रायफलींसाठी तर पहिला खर्च हाच असावा. काम झाल्यावर लाकडाला आतूनही, ॲक्शनच्या खाचेतसुद्धा, तेल किंवा वार्निश लागले आहे की नाही ते पाहावे. बाहेरून चकाकणाऱ्या पण आतून कोरड्या लाकडातूनच ओल शिरते.

स्क्रू किती आवळायचे हेही बेडिंगइतकेच महत्त्वाचे. टॉर्क रेंच लागतोच. नुसत्या लाकडात साधारण ४ ते ५ न्यूटन-मीटर, ॲल्युमिनियमच्या चॅसिसमध्ये मोठ्या काडतुसाच्या रायफलला ७ च्या आसपास, .२२ ला बहुधा कमी. रायफलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा. अंदाजाने पिळलेला स्क्रू हे आपल्याकडच्या निम्म्या तक्रारींचे मूळ असते, असे म्हटले तर रेंजवरचे प्रशिक्षक हरकत घेणार नाहीत.

एवढे करूनही चॅसिस घ्यायचाच असेल, आणि रायफल रेमिंग्टन ७०० किंवा सीझेड ४५७ सारख्या घडणीची असेल, तर किमतीच्या पलीकडचे खर्च आधी मांडावेत. पहिला मॅगझिनचा. बरेच चॅसिस एआयसीएस पद्धतीच्या मॅगझिनवर चालतात, रायफलचे मूळ मॅगझिन त्यात बसत नाही, आणि नवे मॅगझिन हा शस्त्राचा भाग. दुसरा डाव्या हाताचा. डाव्या बाजूला बोल्ट असलेल्या रायफलचा चॅसिस वेगळा असतो, उजव्यात ती बसत नाही. तिसरा वजनाचा. चॅसिसने रायफल सहज अर्धा ते एक किलो जड होते. रेंजवर ते चालते, पण बांधावरून, ओढ्यातून चालत जाणाऱ्या माणसाला ते दिवसाच्या अखेरीस खांद्यात जाणवते. थंडीत, जुन्नरच्या डिसेंबरातल्या पहाटे, उघडे ॲल्युमिनियम गालाला झोंबते, म्हणून गालाच्या टेकूला प्लास्टिक किंवा रबर हवेच. घामाने स्क्रू गंजतात, त्यांना महिन्यातून एकदा तेलाचे बोट लावावे लागते.

दुमडता दस्ता, लष्करी दिसणारी पकड, पुढे लावलेल्या रेल यांच्या मोहात परवानाधारकाने पडू नये. परवान्यावर नोंदलेल्या शस्त्राचे रूप बदलले की पोलिस ठाण्यात आणि तपासणीच्या वेळी प्रश्न येतात आणि उत्तरे आपल्यालाच द्यावी लागतात.

कायद्याचा भाग लहान आहे, पण चुकवण्यासारखा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'शस्त्रे' या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. कलम ५ नुसार शस्त्र तयार करणे, बदलणे, दुरुस्त करणे, विकणे यासाठी परवाना लागतो. कलम ६ नळी आखूड करण्यावर किंवा शस्त्राचा प्रकार बदलण्यावर बंधन घालते, आणि कलम १० आयातीवर. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या दोनवर आली. याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा की स्टॉकचे काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच करावे, सुताराकडे किंवा लेथवाल्याकडे रायफल घेऊन जाऊ नये. परदेशातून चॅसिस कुरियरने मागवून कस्टममध्ये अडकवून घेऊ नये. आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला, जुन्नर-आंबेगावकरांसाठी म्हणजे पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेला, रायफलचा तपशील आणि करायचा बदल लिहून विचारावा आणि लेखी उत्तर घ्यावे. तोंडी "चालतंय की" यावर कोणी जाऊ नये. खेळाडूंनी हेच आपल्या जिल्हा संघटनेच्या आणि राज्य रायफल संघटनेच्या मार्फत करावे. नामांकित नेमबाजांना शस्त्र नियम, २०१६ मध्ये काही सवलती आहेत आणि त्या कोणत्या हे संघटनेला माहीत असते. काम करून आल्यावर कारागिराची पावती, त्याचा परवाना क्रमांक आणि केलेल्या कामाचे वर्णन परवान्याच्या फाईलला लावून ठेवावे. रायफल पुण्याला नेताना ती रिकामी, पेटीत, काडतुसे वेगळी, आणि मूळ परवाना सोबत.

एकवीस वर्षांच्या आतल्या मुलांच्या पालकांनी एक लक्षात ठेवावे. मुलगा खेळतो म्हणून त्याची रायफल घरी, कपाटात, त्याच्या ताब्यात राहू शकत नाही. ती कुठे आणि कोणाच्या नावावर राहणार हे खरेदीच्या आधी प्रशिक्षकासोबत ठरवावे. स्टॉकवर खर्च करायचा की रेंजवरच उपलब्ध रायफल वापरायची, हा निर्णय बऱ्याचदा इथेच होतो.

बदल केल्याने खरेच काही सुधारले का, हे पाहायचे तर आधीची नोंद लागते. कामाला देण्यापूर्वी ५० मीटरवर, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, एकाच खोक्यातल्या काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे पाच गट मारावेत आणि कागद तारीख घालून ठेवावेत. गोळ्या वर-खाली एका रेषेत पसरत असतील तर ॲक्शन स्क्रू आणि बेडिंग पाहावे. नळी तापल्यावर गट एका बाजूला सरकत असेल तर लाकूड नळीला टेकते आहे. गट लहान आहे पण दर वेळी वेगळ्या जागी पडतो, तर दस्त्याचे माप आणि गालाची जागा तपासावी. गट सगळीकडे विखुरलेला असेल तर काडतूस बदलून पुन्हा पाहावे, मगच स्टॉकला दोष द्यावा. काम झाल्यावर तेच काडतूस, तेच अंतर, त्याच पिशव्या घेऊन पुन्हा पाच गट. नवीन बैठक किंवा नवा चॅसिस पहिल्या काही खोक्यांत थोडा बसतो. पन्नास-साठ गोळ्यांनंतर टॉर्क रेंच पुन्हा लावावा, आणि पहिला पावसाळा संपला की, नवरात्राच्या आसपास, तिसऱ्यांदा.